पहिल्या फेरीचा अहवाल

पहाटे साडेचारला खडकीत पंखा गरम हवा ढवळत असतो
आणि माझ्या पडद्यावर बर्फ.
पोळपाटावर पिठी भुरभुरावी तसा,
वर पात्यांचे ओरखडे.

एका कंपनीसाठी मी हे सामने खुणावते.
पासला प. धडकेला ध. अडवलेल्या फटक्याला अ.
खुणेमागे तीस पैसे,
आणि फेरी संपली की दोन पानी अहवाल:
कोण का जिंकलं, कोण का गेलं.
सोळा संघ होते, आठ उरायचे.

मागे आण्णा, हातात बशी.
दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं,
त्यातली सोळा कारखान्याच्या गोलात.
मुरमाड मैदान, बांबूचे पॅड,
उजवी करंगळी अजून दुसरीकडेच बघते.
त्यांना ही चकती पटत नाही.
"चेंडू येताना बोलतो तरी. ही मुकी."
दोघं हातमोजे फेकून भिडले तेव्हा म्हणाले,
"पंच काय अंतरपाट धरायला उभा केलाय?"

चौथ्या दिवशी विचारलं, "यांच्या दाढ्या का वाढल्यात?"
हरेपर्यंत करत नाहीत, आण्णा.
"नवस."
थोड्या वेळानं, "आणि हरल्यावर?"
दुसऱ्या दिवशी गुळगुळीत.
साखर कधीच विरघळली होती, तरी ते चमचा फिरवत राहिले.
"म्हणजे दहावाच की."

मी लिहिलं: निळे चार सामन्यांत बाद, डावी बाजू उघडी.
मी लिहिलं: लाल संघ तीन-एक पुढे असताना
बचावात गेला, मालिका गमावली.
आण्णा म्हणाले, तीन-एक झाल्यावर ते बाकावर हसत होते.
तिथंच हरले.
हसण्याला खूण नाही, आण्णा.
"मग कसले पैसे देतात तुला?"

शेवटची मालिका, सातवा सामना.
गुरुवार. नळाला पाणी नाही, पिंप भरून ठेवलेलं,
अकराला वीज जाणार असा मेसेज.
साडेसातला सुरू झालेला खेळ
जादा वेळेच्या तिसऱ्या खेपेत अडकलेला.
हिरव्यांचा गोलकीपर, चाळिशीकडे झुकलेला,
दाढीत पांढरं.
अ. अ. अ.
एकसष्ट वेळा मी ती कळ दाबली.
बासष्टावा कुणाच्या तरी पोटरीला लागून
वळला, आणि पायांमधून गेला.

खुर्चीत आण्णांचे गुडघे
खाडकन एकमेकांवर आपटले.
बशी फुटली.
आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

गोल झाला की माझं काम संपतं.
मग दोन्ही संघ रांगेत उभे राहतात,
ज्यांनी परवा एकमेकांचे दात पाडले ते
हात हातात घेतात, कानाशी काहीतरी बोलतात.
याला कळ नाही. याचे पैसे नाहीत.
मी फाईल बंद करायला गेले,
"राहू दे," आण्णा म्हणाले.

"सत्त्याऐंशीला फायनल हरलो तेव्हा
मी कुणाचा हात घेतला नाही. सरळ सायकल काढली.
दापोडीच्या पुलावर पायडल अडायला लागलं
तेव्हा कळलं, पॅड पायातच आहेत."
मी हसले. मग बघितलं, ते हसत नव्हते.

वीज गेली. पंखा दोनदा फिरून थांबला.
बॅटरी अकरा टक्के.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
थकवा, पायांमध्ये फट.
"फट लिहू नकोस."
मग काय लिहू?
"लिही, बासष्टावा होता."

ते उठले, पिंपातून तांब्याभर पाणी काढलं.
मला वाटलं, काचा गोळा करायला येतील.
मोरीतून ब्रश फेसात घोळल्याचा आवाज आला,
मग पात्याचा, थांबून थांबून.
पंधरा दिवस हा माणूस माझ्या पाठीशी बसून होता
आणि मी एकदाही
मान वळवून त्यांच्या गालांकडे पाहिलं नव्हतं.